शेपटीवरचा एकशे सत्तावीस

युद्धाचं शेवटचं वर्ष. जपानमधल्या क्यूशू बेटाच्या किनाऱ्यावर, नौदलाच्या तळावर शिझुए विमानं रंगवायची. त्या दिवशीचं काम साधंच होतं. नव्या लढाऊ विमानाच्या शेपटीवर आकडा घालायचा, एकशे सत्तावीस. विमान परत आलं नाही की त्याचा आकडा दुसऱ्याला द्यायचा, अशी तिथली रीत.

पण एकशे सत्तावीस तिच्या इसाओचा होता. चाळीस दिवसांपूर्वी उडाला, तो आलाच नव्हता.

"मास्तर, आकडा दुसऱ्याला दिला म्हणजे तो गेला, असंच ना?"

म्हातारा कुरामोतो रंगाचा डबा ढवळत राहिला. "मी काय देव आहे? हुकूम आहे, पोरी. घाल."

विमान गडद हिरवं, पंखांवर लाल सूर्य. कारखान्याच्या रंगाचे पोपडे सुटायचे, म्हणून दुपारीच तिनं सूर्याला लाल रंगाचा नवा हात दिला होता. इसाओच्या विमानालाही तिनंच दिला होता. तेव्हा त्या मेल्यानं ओल्या सूर्यात अंगठा टेकवला आणि थेट तिच्या गालाकडे आणला! मासळीच्या सुरीनं मधोमध चिरलेला तो अंगठा.

"आधी परत ये, मग लाव!" म्हणत ती पळाली होती. लावू द्यायला हवा होता. काय बिघडलं असतं?

संध्याकाळी समुद्रावरून धुकं आत आलं. तिनं पांढरा कुंचला उचलला. एक... दोन... सातावर हात अडला. शेवटी तोही काढला. तेवढ्यात धुक्यात कुठेतरी इंजिन घरघरलं आणि बंद पडलं. खाऱ्या पाण्याचा वास आला.

"मास्तर... कुणी उतरलं का?"

"एवढ्या धुक्यात कोण मरायला येतंय?" शेडमधून आवाज आला.

ती पंखाकडे वळली. सूर्याच्या ओल्या रंगात अंगठ्याचा ठसा होता. मधोमध चीर.

तिचे पाय मागे हटेनात. तिनं डोळे मिटून घेतले.

"आलास?... मग लाव ना."

जवळच पाणी ठिबकत होतं, ते थांबलं.

कुरामोतो कंदील घेऊन आला. "झालं का गं? आणि हे काय ध्यान! गालाला लाल रंग कसा फासलास?"

तिनं दोन्ही हात कंदिलापुढे धरले. बोटांना फक्त पांढरा रंग होता.