रुमालाखालचा सौदा

वाईच्या एसटी स्टँडसमोर मी कांदाभजी खात उभी होते आणि एक बाई माझ्यावर बोट रोखून ओरडत होती.

"लाज न्हाई वाटत? त्या गरीब पोरीचं मंगळसूत्र चोरलंस की गं तू!"

चोरलं होतं. मंगळवारच्याच भागात. मालिकेत मी धाकट्या जावेला छळणारी मोठी जाऊ आहे, आणि चोरीचा तो सीन फार छान झाला होता, पण हे त्या बाईंना कसं सांगणार? तोंडाला स्कार्फ बांधूनच बाहेर पडले होते मी. पण भजी खायची तर तो खाली ओढावाच लागतो ना! बघता बघता गर्दी जमली, दोन मोबाइल वर आले, आणि मला पळायचं की हसायचं ते कळेना.

तेवढ्यात गर्दी बाजूला सारत एक धिप्पाड माणूस पुढं आला. कान मोडलेले, पैलवानांचे असतात तसे. खांद्यावर लाल पंचा.

"आवं मावशी, गैरसमज व्हतोय तुमचा. ह्या आमच्या पलूसच्या दवाखान्यातल्या नर्सबाई. इंजेक्शन लय जोरात देत्यात. घ्यायचंय का?"

बाई दोन पावलं मागं सरकल्या. मोबाइल खाली गेले. मी मात्र तापले.

"नर्स? मी कलाकार आहे!"

"मग बोलवू का मावशीला परत?" तो हसला. "आमची आई रोज आठ वाजता तुमाला शिव्या घालती. तुमी दिसला न्हाईत तर तिला जेवन जात न्हाई... एक भजं घिऊ का?"

आभार मानायचे सोडून मी सगळी प्लेटच त्याच्या हातात कोंबली आणि तरातरा निघाले. चार पावलांवर लक्षात आलं... मी पलूसची, हे याला कसं ठाऊक? मागं वळून बघितलं तर तो भजं खात माझ्याकडंच बघत होता.

तासाभरात तो माझ्या शेजारी उभा होता. मेकअप लावून!

'सांगा पटकन' या प्रश्नमंजूषेचा सेलिब्रिटी विशेष भाग होता, सातारा आणि सांगलीच्या कलाकार-खेळाडूंचा. घाटाजवळचं एक मंगल कार्यालय भाड्यानं घेऊन तिथं सेट लावलेला. एका लांब टेबलामागं आम्ही तिघं, प्रत्येकासमोर एक लाल बझर. डावीकडं म्हसवडच्या चंद्राबाई, चुलीवरच्या स्वयंपाकाच्या रीलमुळं गाजलेल्या. मध्ये मी. आणि उजवीकडं सांगलीचा रिजवान, गेल्या वर्षी मानाची गदा पटकावलेला पैलवान.

"नमस्कार, पलूसच्या नर्सबाई. यादीत नाव-गाव वाचलं व्हतं," तो ओठ न हलवता पुटपुटला.

मला जिंकायचं होतं. त्या पहिल्या मिनिटापासून तर जास्तच.

माझा हात बझरवर विजेसारखा पडायचा, उत्तर चुकलं तरी बेहत्तर. तो सावकाश, पण त्याचं चुकायचं नाही. मी त्याला डिवचायची, तो मला चिडवायचा. दिग्दर्शक मानसिंग सर पहिल्या फेरीनंतर धावत आले.

"कसली जोडी जमलीय! रिजवान, जरा लाडीगोडीनं बोल हिच्याशी. मी पाट्या लिहून दाखवतो, तेच वाचायचं. प्रोमो पेटेल!"

झालं, तिथून माझी शांतता संपली. तो काहीतरी गोड बोलायचा, प्रेक्षक 'ओहो' करायचे, आणि मी लगेच कॅमेऱ्यामागच्या पाटीकडं बघायची. लिहिलेलं असायचं. मन खट्टू व्हायचं. का व्हावं? मला काय त्याचं?

मग निवेदिका दीपमालानं विचारलं, "शुक्र या ग्रहाला चंद्र किती?"

रिजवाननं बझर दाबला. "एक बी न्हाई." मग माझ्याकडं बघून हळूच... "एकटाच हाय बिचारा."

मी पाटीकडं बघितलं. मानसिंग सर चहा पीत होते आणि पाटी भिंतीला टेकलेली, कोरी. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण पैलवान काही भोळा नव्हता. शिकवलेलं पाठ करून मला फसवत नसेल कशावरून?

त्याच वेळी आभाळ फुटलं. कार्यालयाचं छप्पर पत्र्याचं, त्यामुळं थेंबांचा आवाज झाला की चित्रीकरण बंद. मागच्या दारापाशी दोन खुर्च्या होत्या. बाहेर कृष्णा गढूळ होऊन पळत होती आणि ओल्या मातीचा, फोडणीचा असा मिसळलेला वास येत होता. आम्ही दोघं तिथं.

मला राहवेना. "तो 'बिचारा' कुणी लिहून दिला होता?"

"कोन लिहिनार?"

"मग खरं की खोटं, कसं कळायचं मला?"

त्यानं खांद्यावरचा पंचा काढून हातात घेतला. "तोंडाचं काय खरं नसतंय. आमचं आजोबा सांगलीत हळदीचं सौदं करायचं, दिलावरचाचा म्हनायचं त्यास्नी. दोघांच्या हातावर रुमाल टाकायचा, आन आत बोटं दाबून भाव सांगायचा. तोंडानं 'न्हाई परवडत, जावा!' म्हनून वरडायचं, आन रुमालाखाली..."

"रुमालाखाली काय?"

त्यानं पंचा माझ्या मांडीवरच्या हातावर टाकला आणि आत आपला हात सरकवला. खरखरीत, उबदार. दोन बोटांनी माझं एकच बोट हलकेच दाबलं.

"पटलं तर पंजा धरायचा. घट्ट."

"आणि नाही पटलं तर?"

"गुमान हात काढून घ्यायचा. कुनाला कळत न्हाई. बोभाटा न्हाई, अपमान न्हाई." आवाज बारीक झाला त्याचा. "शाझिया... मी इचारू का?"

"स्टँडबाय!" आतून आरोळी आली. पाऊस थांबला होता. मी दचकले, उठले आणि हात ओढून घेतला.

टेबलामागं उभी राहीपर्यंत मला कळलंच नाही काय केलं ते. कळलं तेव्हा दीपमाला प्रश्न विचारत होती आणि मला शब्द ऐकू येत नव्हते. हात काढून घेतला होता मी. गुमान.

रिजवान सरळ समोर बघत उभा होता. पाटी वर आली, त्यानं वाचली नाही. दुसरी आली, तीही नाही. तो बोलायचा तेव्हा सगळं खोटं वाटायचं, आता गप्प होता तर जीव नुसता वरखाली होत होता. ऐक रे, मी दचकले होते, नकार नव्हता तो! पण म्हणू कशी? गळ्याशी माइक, समोर पाच कॅमेरे, दोनशे प्रेक्षक. उगाच पेन उघडत होते, मिटत होते.

"पोरी, त्या पेनाचा जीव घेशील," चंद्राबाई म्हणाल्या.

शेवटच्या प्रश्नाआधी आम्हा दोघांचे गुण सारखे झाले, चंद्राबाई फक्त एका प्रश्नानं मागं. मानसिंग सर हात चोळत आले.

"मघाशी कॉलर माइक चालू होते तुमचे. ते रुमालाचं काय भारी होतं! आता स्टेजवर करू. रिजवान, तू विचार. शाझिया, तू तुझं ते मोठ्या जावेचं हसू हसून नाही म्हण. मग लगेच शेवटचा प्रश्न."

म्हणजे सगळं ऐकलं यांनी. मला चीड आली, रडूही आलं.

"त्ये जमनार न्हाई," रिजवान म्हणाला. "त्ये खाजगी हाय."

आणि मी म्हणाले, "जमेल."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मला जमिनीनं पोटात घ्यावंसं वाटलं. चारचौघांत चेष्टा करणार ही आपली, असंच वाटलं असणार त्याला. पण अख्ख्या त्या इमारतीत माइक आणि कॅमेरा पोचणार नाही अशी एकच जागा उरली होती, आणि मला तिथं पोचायचं होतं.

टेबलावर दोन बझरच्या मधोमध पंचा पसरला गेला. मी डावा हात बझरवर ठेवला आणि उजवा आत घातला. त्याचा हात आधीच तिथं होता.

"शाझियाबाई," तो पाटी वाचू लागला, सपाट आवाजात, "पैलवानाचा हा सौदा... मान्य आहे का?"

चेहरा दगडासारखा. पण पंचाखाली त्याचा हात थरथरत होता. भल्याभल्यांना चितपट करणारा हात! हे कुणी लिहून दिलेलं नव्हतं. तळवा घामानं ओला झालेला, आणि बोटं मिटलेली, मी काढून घ्यायची वाट बघत.

मी मान मागं टाकून मोठ्या जावेचं ते हसू हसले. "असले सौदे मी रोज धुडकावते, पैलवान. नाही! अजिबात नाही!"

प्रेक्षकांनी छप्पर डोक्यावर घेतलं. आणि पंचाखाली मी त्याचा पंजा धरला. पाचही बोटांनी, होता नव्हता तेवढा जोर लावून.

तो दचकला. माझ्याकडं वळला. दगड कुठल्या कुठं गेला आणि लहान मुलासारखा लाल झालेला एक चेहरा उरला. मग त्यानंही धरला.

"शेवटचा प्रश्न," दीपमाला म्हणत होती. "कऱ्हाडमध्ये कृष्णेला कोणती नदी येऊन मिळते?"

आमच्याकडं हे शेंबडं पोरही सांगेल. लहानपणी त्या संगमावर किती वेळा भेळ खाल्लीय मी! डावा हात बझरवरच होता, असं नंतर सगळ्यांनी ऐकवलं. त्याचाही एक हात मोकळा होता, तेही ऐकवलं. पण त्या क्षणी आम्हाला ना नदी आठवली, ना गाव.

बझर वाजला.

"कोयना!" चंद्राबाई गरजल्या. "आन काय!"

त्या उत्तरानं त्याही आमच्या बरोबरीला आल्या, पण शेवटचं अचूक उत्तर ज्याचं तो विजेता, असा नियम होता. बक्षिसाची ढाल काखेत मारून त्या आमच्यापाशी आल्या, पंचाकडं बघितलं आणि माझ्या कानाशी वाकल्या. "मला कळलंय. ऱ्हाऊ द्या तसंच. कॅमेरं बंद झालं की सोडा."

कॅमेरे बंद झाल्यावरही सोडला नाही, ही गोष्ट निराळी.

भाग दाखवला गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सांगलीला रिजवानच्या दारात उभी होते. माझा नकार सगळ्या महाराष्ट्रानं बघितला होता, त्याच्या आईनंही, आठ वाजता, जेवताना. दार त्याच्या आईनं, परवीनचाचींनीच उघडलं. ओढणीला हळदीचा वास. मी सलाम केला, त्यांनी घेतला नाही.

"सगळ्यांसमोर न्हाई म्हनलीस की गं माझ्या पोराला!"

रिजवान मागून काहीतरी बोलायला लागला. मी त्याच्या खांद्यावरचा पंचा ओढून घेतला, माझ्या हातावर टाकला आणि हात पुढं केला.

चाचींनी पंचाकडं बघितलं. हळदवाल्यांच्या घरची सून त्या, त्यांना काय सांगायचं? सावकाश त्यांनी आपला हात आत घातला.

"लय वाईट हाईस तू," तोंडानं म्हणाल्या, आणि पंचाखाली माझा पंजा घट्ट धरून मला उंबऱ्याच्या आत ओढलं.