दोन वेळचं पाणी

रविवारी सकाळी शाळेचं फाटक ढकललं आणि धम्मप्रिया थबकली. तिच्या कडुनिंबाच्या मुळाशी कुणीतरी कॅन रिकामा करत होतं!

"अहो! काय चाललंय?"

तो दचकला. नर्सरीतला रत्नदीप. दर जुलैत रोपांचा टेम्पो आणणारा आणि "मॅडम, सही" एवढंच बोलणारा.

"पाणी घालतोय की… रोज सकाळी घालतो. कामावर जाताना."

"रोज?" तिला हसावं की रडावं कळेना. "आणि मी रोज संध्याकाळी दोन बादल्या घालते!"

कुंभारीच्या या शाळेत पाच वर्षं ती रोपं लावत होती. जुलैत फोटो, उन्हाळ्यात काटक्या. पोरं भिंतीच्या टीचभर सावलीत खिचडी खायची. यंदा विसातलं हे एकच जगलं, तर पंधरा दिवसांपासून पानं पिवळी! म्हणून ती पाणी वाढवत होती. ती थकली होती, अगदी आतून. हेही गेलं तर करकंबला बदली मागायची. अर्ज पर्समध्ये तयार होता.

रत्नदीपनं माती उकरली. नुसता चिखल.

"काळी माती, पाणी मुरंना. पानं पिवळी बघून मी बी कॅन वाढवला… दोघांनी मिळून मारलं असतं ह्याला."

"नर्सरीवाले ना तुम्ही? तुम्हाला कळायला नको?"

"कळतं हो…" तो खाली बघत म्हणाला. "पण जुलैत सही करताना तुमी म्हणालात, एक तरी जगू दे, नाहीतर मी चालले. मग डोकंच चालंना."

ती स्वतःशीच पुटपुटली होती ते.

"आता?"

"पंधरा दिवस एक थेंब न्हाय."

"मग मी संध्याकाळी यायचं कशाला?"

"बघायला…" तो अडखळला. "मी बी येतो की. बघायला."

दोघं रोज आले. झाडाकडं थोडं, एकमेकांकडं जास्त बघत बसले. सोळाव्या दिवशी शेंड्यावर तांबूस पालवी दिसली.

"सावली पडायला किती वर्षं?" तिनं विचारलं.

"पाच-सहा."

तिनं पर्समधून अर्ज काढला, सावकाश फाडला. "एकटीनं नाही जमायचं आता. तुम्ही असलात की… थकायला होत नाही मला."

रत्नदीपचे कान लाल झाले. "मग सकाळचं पाणी माझं, संध्याकाळचं—"

"पुन्हा तेच?" ती कितीतरी दिवसांनी मोकळं हसली. "एकच बादली. दोघांनी धरायची."