पहिला अग्रक्रम

सरूबाई अकरा बेचाळीसला गेल्या. डोंगरातल्या आरोग्य केंद्रातून त्यांचा ईसीजी उपग्रहामार्गे पिंपरीच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचायला एकोणीस मिनिटं लागली. तो पाहिल्याशिवाय इंजेक्शन देता येत नव्हतं. हे जाळं आखणारी उत्कर्षा तेव्हा डॉक्टरांच्या शेजारीच उभी होती.

पंधरा दिवसांनी हे जाळं चालवणाऱ्या महाळुंग्यातल्या कंपनीत चौकशी बसली. कोपऱ्यात सरूबाईंचे पती कोंडीराम होते. केंद्रावर डिश बसवणाऱ्या झिशानविरुद्धची पोलीस तक्रार टेबलावर तयार होती. फक्त सही बाकी होती.

"डिश सरकली, दुसरं काय?" प्रकल्पप्रमुख जयसिंग समोर उभ्या झिशानला म्हणाले. "पत्र्यावर खिळा ठोकावा तशी ठोकलीस, राव."

"साहेब, बोल्ट मी स्वतः आवळलेत. गाडीची चाकं कुणी एवढी आवळत नाही."

उत्कर्षाने केंद्रातल्या नर्सला फोन लावला.

"ईसीजी अडकला तेव्हा डॉक्टरांचा आवाज कसा येत होता?"

"स्वच्छ. पाठवा, पाठवा म्हणत होते. मी पाठवतच होते हो, मॅडम."

तिने त्या दिवसाची सिग्नलची नोंद उघडली. रेषा सरळ होती, सिग्नल कुठेही पडलेला नव्हता.

"जयसिंगसर, त्या वेळी इथे पाहुण्यांसमोर उद्घाटनाची फिल्म चालू होती. याच उपग्रहावरून. ती अडकली?"

"एकदाही नाही."

"अडकायला हवी होती."

उत्कर्षाने जाळ्यातल्या बदलांची नोंद उघडली.

"डिश सरकली असती तर सिग्नल पडला असता, आवाजही तुटला असता. तसं झालं नाही. म्हणजे वाट शाबूत होती, ईसीजीला तिच्यावर जागा नव्हती. आवाजाला थोडी पुरते, म्हणून तो आला. आराखड्यात पहिला अग्रक्रम रुग्णाचा आहे, फिल्मला उरलेली जागा. अकरा वीसला कुणीतरी हा क्रम उलटा केला. अकरा एकोणचाळीसला पूर्ववत केला. पासवर्ड आपल्या दोघांकडेच आहे. मी पिंपरीत होते."

जयसिंगांनी चष्मा काढला. "पाहुण्यांसमोर पडदा थिजला असता तर कंत्राट गेलं असतं. मला वाटलं, तेवढ्या वेळात तिथे कोण रुग्ण येणार?"

झिशानने तक्रारीचा कागद उचलला. फाडावा की ठेवावा, त्याला कळेना.

"म्हंजी लाइन व्हती?" कोंडीरामांनी विचारलं.

"होती," उत्कर्षा म्हणाली.

"समदा येळ?"

"हो, बाबा."

"डोंगरात लाइन पोचत न्हाई, आसं धरून मी गप बसलो व्हतो," ते म्हणाले. "आता कसा बसू?"