उजव्या हाताचा परवाना

रेहाना शिकलगारचा उजवा हात सकाळी जवारी काढता काढताच बंद पडला. बोटं कानशीवर तशीच आवळलेली, आणि मनगटावर लाल अक्षरं : ‘वापरकर्ता अमान्य.’ सतारीच्या तारा ज्या हाडाच्या घोडीवर टेकतात, ती केसभर घासून तारेला गळा द्यायचा, ही जवारी. मिरजेत तिच्या घराण्याचं पोट त्यावरच चाले.

हात दंडापासून खाली कृत्रिम होता. दंडातल्या नसांमधले संदेश वाचून कोपर आणि बोटं किती वाकवायची, हे गणित मनगटातला हरभऱ्याएवढा संगणक करी. हात रेहानाने विकत घेतला होता. गणिताचं सॉफ्टवेअर मात्र कंपनीचंच, परवान्यावर वापरायला दिलेलं. तो हात दुसऱ्या कुणी वापरू नये म्हणून कंपनीने त्याला चेताठशाचं कुलूप घातलं होतं. नसांमधून संदेश वाहण्याची प्रत्येकाची ढब वेगळी असते. ती एकदाच नोंदवायची, मग माणूस तोच आहे ना, हे सॉफ्टवेअर क्षणोक्षणी ताडून पाहणार. चोरासाठी लावलेल्या या सापळ्यात आज मालकीणच सापडली होती.

“मी तीच आहे की हो!” ती सेवाकेंद्रात ओरडली.

“नसा तसं म्हणत नाहीत,” चेताठसा शोधून काढणारे डॉ. टेंभे पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. “थोडा फरक सॉफ्टवेअर चालवून घेतं. तुमचा वर्षभर वाढतच गेलाय.”

“मग आजचा ठसा घ्या.”

“एका हाताला एकच ठसा. नाहीतर कुलूप कशाला?”

“आणि जुना कधी घेतलात?”

“अपघाताच्याच आठवड्यात. इस्पितळात.”

रेहानाला ते दिवस आठवले. करवतयंत्राने हात नेला होता. डोळे मिटले की पातं फिरायचं आणि अंग थरथरायचं. कंपनीच्या माणसाने ठसा घेतला तो त्या थरथरीतच.

“म्हणजे भ्यालेली मी खरी, आणि कामाला लागलेली मी परकी?”

“सॉफ्टवेअरच्या लेखी, हो.” टेंभेंनी एक कळ दाबली.

खोलीत करवतीचा आवाज घुमला. रेहाना भिंतीला चिकटली. दंड थरथरू लागला, आणि बोटं एकेक करून उघडली. मनगटावर हिरवी अक्षरं आली.

“झालं. हा आवाज तुमच्या मोबाइलवर पाठवतो. रोज ऐकत जा. धाकात राहिलात की हात चालेल.”

“असल्या थरथरत्या हातानं जवारी निघती व्हय?”

“ते परवान्यात येत नाही.”

रेहानाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांच्या थोबाडीत द्यायला तिने हात उगारला. तो अर्ध्यावरच गोठला, आणि मनगटावर पुन्हा लाल अक्षरं आली.

टेंभे जागचे हललेही नव्हते.

“राग नोंदवलेला नाही,” ते म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा करवत लावली.