रंगाचे तीन हात

डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका वाचनालयात चला. मुलांची खोली आहे, छत चांगलं उंच. छतापासून बारीक सळया एकीखाली एक लोंबताहेत आणि त्यांच्या टोकांना पत्र्याचे सतरा पक्षी. कुणी दार उघडलं की सगळे सावकाश फिरू लागतात. दिसले?

पण सुरुवातीला तिथे नुसता गुंता होता. हे शिल्प घडवणारी शिल्पकार शिडीवर उभी, दातांत दोरा. खाली तिची सात वर्षांची भाची पक्षी मोजत बसलेली. तेवढ्यात बाहेरची लिफ्ट दुरुस्त करायला आलेला इंजिनिअर आत डोकावला... आणि एक निळा पक्षी थेट त्याच्या कपाळावर.

"लागलं?" ती वरूनच म्हणाली.

"पक्ष्याला विचारा." तो कपाळ चोळत वर बघत राहिला. "ही सळई दीड सेंटिमीटर डावीकडे टांगायला हवी."

"तुम्ही लिफ्ट बघा ना."

"लिफ्ट म्हणजे तरी काय? एकीकडे माणसं, दुसरीकडे तेवढंच वजन. तुमची जरा देखणी आहे, इतकंच."

"देखणी?"

"म्हणजे... रचना," तो म्हणाला. कान मात्र लाल झाले.

मग रोज काम संपलं की तो यायचा. एकेक पक्षी वजनकाट्यावर ठेवायचा, सळईला भोक कुठे पाडायचं ते वहीत मांडायचा. ती सळई बोटावर तोलून नेमकी तीच जागा दाखवायची.

"कसं कळतं तुम्हाला?"

"बोटाला कळतं."

तो वहीकडे बघायचा, मग तिच्या बोटाकडे — जरा जास्तच वेळ.

दोन आठवड्यांनी लिफ्ट सुरू झाली. संध्याकाळी तो दुसऱ्या गावच्या कामावर जाणार होता. दोघांनाही ते ठाऊक होतं आणि दोघंही त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हती. शेवटची सळई टांगली... आणि सगळं शिल्प एका अंगाला कललं.

तो पांढरा पडला. कललेल्या बाजूचा लाल पक्षी उतरवून त्याने काट्यावर ठेवला. "बारा ग्रॅम जास्त. माझंच चुकलं. रंगाचा एकेक हात धरला होता मी."

"तुमचं नाही चुकलं," ती शिडीवरून उतरली. "तुम्ही तोलून गेल्यावर त्याचे तीन हात पुरे केले मी."

"तीन? का?"

ती फडक्याला बोटं पुसत राहिली. "तुम्ही सारखं त्याच्याकडेच बघायचात. म्हटलं, तुमच्या आवडीचा आहे... उठून दिसू दे."

त्याने वही मिटली. "मी त्याच्याकडे नव्हतो बघत. त्याच्या मागे तुम्ही बसायचात."

आता तिचे कान लाल झाले.

"मग... करायचं काय?" तिने हळूच विचारलं.

"सगळी भोकं नव्याने पाडावी लागतील. रजा टाकतो. आठवडा तरी जाईल."

"एकच?"

"नीट करायचं म्हटलं तर... दोन."

"पण लिफ्टकाका," भाची म्हणाली, "लाल पक्ष्याचा जास्तीचा रंग खरवडला तर? आत्ता होईल की."

तिचं बरोबर होतं. अगदी बरोबर. पण खरवडायला दोघांपैकी कुणीच पुढे होईना.

भाचीने मावशीकडे पाहिलं. काकांकडे पाहिलं. मग टेबलावरची रंग खरवडायची पट्टी उचलून तिने दप्तराच्या तळाशी, वह्यांखाली सारली. "मी बाहेर बसून गोष्ट वाचते," म्हणाली, आणि जाताना दार अलगद ओढून घेतलं.