बंद मशीनमधली हाक

मशीन बंद होतं, तर दादा कानाला हेडफोन लावून काय ऐकत होता?

पोलिसांना विचारलं, डॉक्टरांना विचारलं. कॉरोनरच्या ऑफिसातल्या बाईंनाही विचारलं. इकडे परदेशात अचानक गेलेल्या माणसाची आणि जमिनीत सापडलेल्या सोन्याची चौकशी एकच अधिकारी करतो. दादाची फाईल आणि त्याला सापडलेल्या कड्याची फाईल एकाच टेबलावर होती. बाईंनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला.

दादा, म्हणजे प्रणव, बेसिंगस्टोकला आयटीत होता. मी दहावी नापास. त्याच्याच ओळखीने जवळच्याच रीडिंग गावातल्या एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये लागलो. शनिवार-रविवार एकट्याने काय करायचं म्हणून त्याने मेटल डिटेक्टर घेतला. शेतमालकाची परवानगी काढून तो नांगरलेल्या शेतात हेडफोन लावून चालायचा. खाली धातू असला की कानात सूर वाजतो. दोन वर्षं नुसते खिळे आणि बाटल्यांची झाकणं. मग २००७च्या ऑक्टोबरात पिळाचं सोन्याचं कडं लागलं. तीन हजार वर्षांपूर्वीचं, म्युझियमवाले म्हणाले. मातीतून निघालं तेव्हा मी तिथेच होतो. एवढ्या थंडीत ते कोमट लागलं, आत्ताच कुणी हातातून उतरवल्यासारखं.

दादाने ते नियमाप्रमाणे जमा केलं. पण त्या कड्याला जोडी असणार, हे त्याच्या डोक्यातून जाईना. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी तो एकटाच गेला.

दुपारी साडेतीनला माझा फोन वाजला. मी कांद्याच्या पोत्यावर टेकलो होतो.

"सुया, तू शेतात आलायस का रे?"

"का?"

"हाक येतेय... हेडफोनमध्ये. 'दादा, इकडे...' तुझाच आवाज आहे. बॅटऱ्या काढल्या, तरी येतेय."

आम्ही देवरुखकडचे. रानात हाक आली तर लगेच ओ द्यायची नाही, आधी खात्री करायची, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. दादा एवढा शिकला, पण विसरला नव्हता. म्हणून तर त्याने फोन केला.

आणि मला थट्टा सुचली.

"अरे, मीच आहे की! कुंपणाशी बघ. ये लवकर, चहा गार होतोय."

"गाढवा, जीव घेतलास माझा," दादा हसला. मग फोन बाजूला धरून मोठ्याने ओरडला, "ओ! आलो!"

फोन कट झाला. मी हसत हसत कांदे चिरायला घेतले.

तो कुंपणाशी सापडला, गुडघ्यांवर बसलेला. हृदय बंद पडलं, म्हणाले. वय एकतीस.

पोलिसांनी मशीन परत दिलं, त्याच दिवशी मी तिथे गेलो. म्हातारा शेतमालक फाटकाशी उभा होता. "अंधार लवकर पडतो, पोरा," एवढंच म्हणाला. तीनच वाजले होते. धुकं जमिनीलगत बसलेलं. ओल्या मातीचा आणि कुजक्या पाल्याचा वास. पाखराचासुद्धा आवाज नाही. कुंपणाशी मी गुडघ्यांवर बसलो आणि हेडफोन लावले. बॅटऱ्या घातल्याच नव्हत्या.

आधी काहीच नाही. मग खूप खोलवर पावलं. कुणीतरी चिखलातून चालत होतं. दादाची चाल मी कुठेही ओळखेन, त्याचा डावा पाय जरा घासतो.

"सुया... कुठे आहेस रे? किती चालायचं अजून?"

त्याने मागे फिरावं, एवढंच मला हवं होतं. मातीला तोंड लावून मी ओरडलो, "दादा, तो मी नव्हतो! मी खोटं बोललो! इकडे ये... वर!"

पावलं थांबली.

"दादा, इकडे ये," खालून माझाच आवाज म्हणाला.

"त्याचं ऐकू नकोस!"

"त्याचं ऐकू नकोस," तोही म्हणाला. आणि मग मी तोंड उघडायच्या आत, मी जे बोलणार होतो तेच, माझ्याच हुंदक्यासकट, "दादा, आई वाट बघतेय..."

पावलं एकदा इकडे, एकदा तिकडे. मी जेवढं बोलत होतो, तेवढं ते शिकत होतं.

मी तोंड मिटलं. दोन्ही हात मातीवर आपटायला लागलो. धप्, धप्. बोलायचं नाही, नुसते हात. खालून माझा आवाज हाका मारत राहिला, पण घासणारा पाय वळला. माझ्याकडे. जवळ... आणखी जवळ.

तेव्हा मला कळलं, पावलं दोघांची होती. दादाच्या मागे कुणीतरी हलकं, अनवाणी.

हात थांबवले असते, तर ते खालीच राहिलं असतं. आणि दादाही. मी आपटत राहिलो.