शेवटचा दाणा

भरसभेत तो खुदकन हसला, म्हणूनच तदालाचं त्याच्याकडे लक्ष गेलं.

झोम्बा शहराहून ती या गावात एकच प्रश्न घेऊन आली होती. सुखाचं जगणं म्हणजे काय, हे गावानेच सांगायचं. मातीत चित्रं काढायची, ज्याला जे मोलाचं वाटेल त्यावर शेंगदाणा ठेवायचा. झालं! एकूण एक दाणा पत्र्याच्या छपराच्या चित्रावर पडला.

सभा उठल्यावर तिने त्याला गाठलं. "हसायला काय झालं?"

त्याचं नाव लिंबानी; भाडं घेऊन सायकलवरून लोकांना पोचवायचा. "मागे प्रकल्पाची गाडी, पुढे गावचा मुखिया. छपराचे पत्रे वाटायला आलात असंच वाटणार ना, मॅडम?"

तिचं तोंड उतरलं. उद्या दुपारपर्यंत गावाची खरी यादी मिळाली नाही, तर राजधानीतला छापील फॉर्म लागू होणार होता… तिची दोन वर्षांची मेहनत पाण्यात.

"मग करू काय?"

"गाडी परत पाठवा. उद्या माझ्या मागे बसा. फक्त चढावर उतरून ढकलायचं."

"मी ढकलायचं?"

"सहभाग हवाय ना तुम्हाला?"

ती हसली – दिवसभरात पहिल्यांदा.

सकाळी आंब्याखाली बायका शेंगा फोडत होत्या. तदालाही बसली फोडायला. प्रश्न विचारलाच नाही. तासाभराने नाफिरी आजी आपणहून म्हणाल्या, "पत्र्याचं घर आहे की मला. पण एकटीच्या घशाखाली मक्याचा न्सिमा उतरत नाही गं…"

मग त्यांनीच मातीत एक ताट काढलं, भोवती चार हात. एकेक बाई त्यावर दाणा ठेवू लागली; ढीग वाढतच गेला.

दुपारी राजधानीतले साहेब फॉर्म घेऊन आले. आजींनी त्यांना हाताला धरून ढिगापाशी नेलं. "जेवायला सोबत कोण, हे आमच्या फॉर्मात नाहीच," ते पुटपुटले, आणि फॉर्म घडी करून खिशात टाकला. "हीच यादी जाईल!"

बायकांच्या ललकाऱ्यांनी आंब्यावरचे कावळे उडाले. तदाला जिंकली होती!

"आणि तुमचा दाणा?" लिंबानी हळूच म्हणाला.

"विचारणाऱ्याने ठेवायचा नसतो… नियम आहे."

"गावाला विचारून केला होता?" तो खाली बसला, ताटाशी आपला दाणा ठेवला. "मला तर तूच हवीस समोर. रोज."

तिचे गाल तापले. त्याच्या त्या हसण्यावरच जीव जडला होता तिचा. तिने मूठ उघडली, आणि शेवटचा दाणा त्याच्या दाण्याला अगदी चिकटवून ठेवला.

मागून आजी ओरडल्या, "पुन्हा मोजा गं, दोन वाढले!"